फोम गन, बोअरचं पाणी आणि निळी गाडी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी २०१८ ची बलेनो, गडद निळी. जागा कोथरूड, डहाणूकर कॉलनीतली तीन मजली जुनी सोसायटी. पार्किंग इमारतीखाली आहे, पण आमच्या वाट्याला आलेली जागा अशी की गाडीचा मागचा भाग सावलीत आणि बॉनेट उघड्यावर. वर रेन ट्री. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या निम्म्या भानगडी त्या बॉनेटच्या आहेत.

काल रात्री गाडी लावताना मुलीने सहज मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर मारला आणि म्हणाली, "बाबा, यावर कुणी तारेच्या घासणीने घासलंय का?" बघितलं तर खरंच. उजेडाच्या भोवती गोल गोल, केसासारखे बारीक ओरखडे, हजारोंनी. दिवसा दिसत नाहीत. एकदा दिसले की मग दुसरं काही दिसत नाही.

तळमजल्यावरचे काका टेल्कोच्या पेंट शॉपमधून निवृत्त झाले आहेत. त्यांना दाखवलं. त्यांनी बॉनेटवरून नुसता नखाचा मागचा भाग फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे घासल्याने नाही, पुसल्याने झालंय. रोज सकाळी धुळीसकट फडका फिरतो ना, त्याचं हे." वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो. डोक्याचा केस सत्तरच्या आसपास. म्हणजे केसाहूनही पातळ थरावर आम्ही सात वर्षं कोरडी माती फिरवली. यात गाडी पुसणाऱ्या दादांचा एकट्याचा दोष नाही. ऑफिसला निघताना डिकीतला कुंचा काढून दोन हात मारणारा मीच.

ठरलं: आठवड्यातून एकदा घरीच धुवायची. आधी फोम, मग पाणी, मग हात. फोम गन, म्हणजे शाम्पूचा फेस फवारणारी बंदूक, मागवली, १,१५० रुपये. नळाच्या पाईपला लागते, वीज लागत नाही, हे मुख्य आकर्षण. सोबत अर्धा लिटर शाम्पू ४५०, मायक्रोफायबरचा हातमोजा ३५०, पाणी टिपायचा जाड टॉवेल ७००, अठरा लिटरच्या दोन बादल्या ६०० आणि बादलीच्या तळाशी बसणारी जाळी ४००. जाळी म्हणजे एक भोकाभोकांची प्लास्टिकची चकती. चारशे रुपयांची वाटत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. पहिला प्रयत्न

फसला. सविस्तर लिहितो.

सुरुवात अकराला. चहा, पेपर, पोहे, सगळं उरकून. तोवर बॉनेटवर ऊन आलं होतं. गनच्या बाटलीत शंभर मिली शाम्पू, वर पाणी, फिरवायची चकती सगळ्यात जास्त फेसावर. चाप दाबला. बाहेर आलं ते साबणाचं पाणी. भांडी विसळल्यावर मोरीत जातं तसं. खोक्यावरच्या चित्रात गाडी बर्फात पुरल्यासारखी दिसते. माझी गाडी ओली दिसत होती, इतकंच.

मला वाटलं शाम्पू कमी पडला. आणखी शंभर मिली ओतला. फरक शून्य, पण शाम्पूची बाटली जवळजवळ निम्मी झाली. मग नेहमीसारखी बादली घेतली, हातमोजा बुडवला आणि धुतली. धुताना पाईप खाली जमिनीवर वाहत होता, हे वरच्या मजल्यावरून दोघांनी सांगितल्यावर कळलं. तोपर्यंत टपावरचं पाणी वाळून पांढरे ठिपके पडले होते. ते टॉवेलने चोळले. जात नाहीत म्हणून जोरात चोळले. (हे करू नका. का, ते २२ तारखेच्या नोंदीत.)

वेळ एक तास पन्नास मिनिटं. पाण्याचा हिशोब नंतर लावला: पाईप वीस मिनिटं चालू, शिवाय दोन बादल्या, म्हणजे पावणेदोनशे लिटरच्या आसपास. दादा रोज सकाळी एका बादलीत चार गाड्या करतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गन सदोष आहे असं समजून परत पाठवणार होतो. काकांनी विचारलं, "टाकी किती उंचावर आहे?" खोक्यावर बारीक अक्षरात होतं: किमान ४० पीएसआय दाब हवा.

पाण्याच्या टाकीचा हिशोब सोपा आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे साडेचौदा पीएसआय. आमची गच्चीवरची टाकी पार्किंगच्या नळापासून जेमतेम बारा मीटरवर. म्हणजे सतरा पीएसआय, तेही तोटी बंद असताना. पाणी वाहायला लागलं की पाईपच्या घर्षणात त्यातलंही जातं. चाळीस पीएसआय मिळवायला टाकी अठ्ठावीस मीटरवर हवी, म्हणजे इमारत नऊ मजली. बाणेर-बालेवाडीच्या टॉवरमध्ये हीच गन मस्त चालत असणार. आमच्या पिढीच्या कोथरूडमध्ये नाही.

तरी जे हातात आहे ते करून बघायचं म्हणून बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन बसलो. पंधरा लिटर भरायला:

थेट तोटीला, १ मिनिट २५ सेकंद.
वीस मीटरच्या हिरव्या पाईपमधून, २ मिनिटं ५ सेकंद.

म्हणजे चाळीस सेकंद पाईपनेच खाल्ले. पाईप बघितला तर दोन ठिकाणी घडी पडून कायमची चिमटलेली. आणि गाडी नळापासून पाच मीटरवर असताना वीस मीटर पाईप का लावला होता, याला उत्तर नाही. तो घरात होता.

दुपारी बोहरी आळीत गेलो. सहा मीटर ब्रेडेड पाईप, पितळी नोझल, दोन क्लिपा, टेफ्लॉन टेप, वॉशर. सगळं मिळून ४८०. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला तो वेगळा. पुढच्या वेळी रिक्षा.

घरी येऊन तोटी उघडली तर आत पांढरा कडक थर, खडूसारखा. स्क्रू ड्रायव्हरने टोकरून काढला, अर्धी वाटी निघाला. तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, मी प्रवाह वाढला या आनंदात होतो. आता पंधरा लिटर दीड मिनिट आणि वर पाच सेकंदांत. मिनिटाला साडेनऊ लिटर.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुसरा प्रयत्न

सकाळी साडेसात, बॉनेट थंड. गन बरी चालली. फेस आला, पण ताकावरचा असतो तसा: मोठे मोठे बुडबुडे, अर्ध्या मिनिटात फुटून खाली. उभ्या दारांवर काहीच टिकलं नाही.

एक गोष्ट मात्र दिसली, आणि ती कामाची. तो पातळ फेस उतरताना दाराच्या खालच्या भागात मातकट रेघा ओढत गेला. हात न लावता. खाली फरशीवर जे पाणी आलं ते चहाच्या रंगाचं. तेवढी माती आजवर आम्ही फडक्याने काढत होतो.

इथेच एक मोह झाला. भांड्यांचा लिक्विड साबण बाटलीत घालून बघितला. फेस दुप्पट. काकांनी खिडकीतून बघितलं आणि बाहेर आले. "वॅक्स लावलंयस ना दिवाळीत? ते गेलं आता." दुसऱ्या दिवशी बॉनेटवर पाणी टाकून बघितलं: आधी थेंब गोळे होऊन पळायचे, आता पत्र्यावर पसरून बसतात. भांड्यांचा साबण तूप काढायलाच बनवलेला असतो, वॅक्स त्याला तुपासारखंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पांढरे ठिपके. दुसऱ्या धुण्यानंतरही तेच, टॉवेलने टिपूनही. आरशांच्या कडा, दरवाज्याच्या मुठी, नंबर प्लेटच्या वर, जिथे जिथे पाणी अडतं तिथे.

तोटीतला तो खडू आठवला. सेक्रेटरींना फोन केला. पार्किंगचा नळ बोअरच्या लाईनवर आहे. बागेला आणि फ्लशला जे पाणी जातं तेच. बावीस वर्षं इथे राहतो, मला माहीत नव्हतं.

अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, मागवला. पार्किंगचा नळ: ८१०. स्वयंपाकघरातला, खडकवासल्याहून येणारं कॉर्पोरेशनचं पाणी: ८५. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची पसंतीची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. गाडीला प्यायचं नसतं, पण ८१० चं पाणी पत्र्यावर वाळलं की पाणी उडतं आणि बाकीचं सगळं तिथेच राहतं. आणि हे उरलेलं म्हणजे बारीक कडक कण. मी ९ तारखेला ते टॉवेलने चोळले, म्हणजे ओरखडे घालवायला निघालो आणि टपावर नवे पाडले.

मग फेसाचाही संशय आला. एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या. एकीत पाव लिटर बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच घरचं. दोन्हींत औषधाच्या टोपणाने मोजून एक एक टोपण शाम्पू. मुलीने दोन हातांत दोन बाटल्या धरून वीसपर्यंत मोजत हलवल्या आणि ओट्यावर ठेवल्या. घरच्या पाण्याच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत, दाट. बोअरच्या बाटलीत त्याच्या निम्म्याने, आणि वरचा थर भोकाभोकांचा. पाच मिनिटांनी पहिली जवळजवळ तशीच, दुसरीत तळाला पाणी आणि वर एक बोटभर साय. आई म्हणाली, "यात डाळही शिजत नाही, फेस कुठला व्हायचा." तिला हे माहीत होतं. मला कुणी विचारलं नाही, हे तिचं म्हणणं.

आता गनचा खरा घोळ कळला. बाटलीत कितीही चांगलं पाणी घाला, गन त्यात पाईपमधलं पाणी मिसळते. बाहेर पडणाऱ्या फेसात बहुतेक पाणी बोअरचंच. दाबही कमी आणि पाणीही जड.

२ मार्च, रविवार. ठिपके काढणे

आईने लिंबू सुचवलं. मी पांढरं व्हिनेगर घेतलं, ६० रुपये, तेवढंच घरचं पाणी मिसळून. थंड पत्र्यावर, सावलीत, एका वेळी दोन वीत जागा. ओला मायक्रोफायबर मिनिटभर ठेवायचा, घासायचा नाही, उचलायचा, घरच्या पाण्याने धुवायचा. दारं, मूठ, आरसे साफ झाले. काचेवरचे अर्धे गेले.

बॉनेटवर सात-आठ ठिपके राहिले. नख फिरवलं तर वर काही लागत नाही, पण तिरप्या उजेडात कडा दिसते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर क्षार पुन्हा पुन्हा वाळून त्यांनी क्लिअर कोटमध्ये घर केलंय. काकांच्या मते पॉलिशशिवाय जाणार नाहीत. सध्या सोडून दिले.

व्हिनेगर वॅक्सही थोडं नेतं, म्हणून नंतर नवीन वॅक्स लावलं. वेळ एकूण तीन तास. पहिल्याच दिवशी पाणी वाळू दिलं नसतं तर हे तीन तास वाचले असते.

९ मार्च, रविवार. मेहुण्याचं मशीन

मेहुणा सहकारनगरला राहतो, बैठं घर, त्याच्याकडे प्रेशर वॉशर आणि त्याला लागणारी फोमची तोटी. "इकडे घेऊन या भावजी, पाच मिनिटांत बर्फ करतो." गेलो. बर्फ झाला, हे कबूल करतो. दाढीच्या साबणासारखा दाट, चार मिनिटं जागचा हलला नाही. मुलीने बॉनेटवर नाव लिहिलं. (फेसात बोटाने लिहिणं हेही पुसणंच आहे, हे नंतर सुचलं.)

दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली: मशीनची वायर लांबवायला घरातला एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता आणि तो ओल्या फरशीवर पडला होता. दहाव्या मिनिटाला घराची वीज गेली. आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा खटका, पडला. मेहुणा तो वर करून पुन्हा सुरू करायला निघाला होता, बहिणीने बोर्ड उचलून दाखवला: खालून पाणी गळत होतं. तो खटका नसता तर पुढचं लिहायला मी नसतो कदाचित. बोर्ड खुर्चीवर, वायर वरून, हात कोरडे. आणि ज्या घरात हा खटका बसवलेला नाही तिथे हे मशीन लावूच नका.

दुसरी: पुढच्या बंपरचा डावा कोपरा दोन वर्षांपूर्वी घासला होता, एका गॅरेजमधून रंगवून घेतला होता. मी बंपरवरचे चिकटलेले किडे काढायला नोझल वीतभर अंतरावर नेलं. किडे गेले, त्यासोबत तळहाताएवढा रंगाचा पापुद्राही गेला. खालचं काळं प्लास्टिक दिसायला लागलं. प्लास्टिकवर प्रायमर नीट बसलेला नसेल तर रंग नुसता वर बसलेला असतो, तो आज ना उद्या निघालाच असता, असं काका म्हणतात. पण काढला मी. नंतर रंगवलेला भाग असेल तर नोझल हातभर तरी लांब ठेवायचं, आणि कडेवर तिरकं मारायचं नाही.

मशीन विकत घ्यायचा विचार सोडला. आमच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नाही, आणि असता तरी आजचा प्रसंग पुरेसा होता.

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. गाडी झाकून ठेवायची राहिली. आज सकाळी बॉनेट गुलाबी-हिरवं, वायपरच्या खाली रंगाचा ढीग. दादा फडका घेऊन पोचलेच होते, धावत जाऊन थांबवलं. कोरडा रंग आधी पाईपने नुसता वाहू दिला, दहा मिनिटं, जोर न लावता. मग गनने दोनदा. रंग उतरला. दरवाजाच्या रबरात आणि वायपरच्या जाळीत गुलाबी रेघ राहिली, ती जुन्या टूथब्रशने. ऑफिसला उशीर. शेजारची पांढरी गाडी पुसून काढली होती. तिच्या डिकीवर आज दुपारीही फिकट गुलाबी झाक दिसत होती.

२३ मार्च, रविवार. हातपंप

हे काम जमलं ते इथे.

पुण्यात बागकामाच्या दुकानांत फवारणीचे छोटे हातपंप मिळतात, त्याच जातीचा, पण पुढे फेसाचं नोझल असलेला दोन लिटरचा पंप मिळतो. ७५० रुपये. वरचा दांडा तीस-चाळीस वेळा मारायचा, आत हवेचा दाब तयार होतो. टाकीची उंची, इमारतीचे मजले, बोअर, कशाशी संबंध नाही. आणि मुख्य म्हणजे आत जे पाणी घालाल त्याचाच फेस होतो. म्हणजे स्वयंपाकघरातलं पाणी.

सव्वा लिटर पाणी, चाळीस मिली शाम्पू. पूर्ण भरायचा नाही, हवेला जागा हवी. पहिल्यांदा मी गळ्यापर्यंत भरला होता, दहा दांड्यांतच कडक झाला आणि दोन पिचकाऱ्या मारून बसला. मग पाणी कमी करायला झाकण उघडलं. दाब सोडायची छोटी लाल खुंटी असते, ती आधी ओढायची असते. ओढली नव्हती. पुढचा अर्धा तास डोळे धुण्यात गेला. दादा हसले, मीही हसलो, पण डोळे चुरचुरत होते.

फेस मेहुण्याच्या बर्फाइतका नाही. ओलसर, दह्यावरच्या सायीसारखा, उभ्या दारावर दोन-अडीच मिनिटं धरून राहतो. तेवढं पुरतं. सव्वा लिटरमध्ये अख्खी गाडी होते, फक्त मधे दोनदा पंप मारावा लागतो.

फोम गन फुकट गेली का? बाटली काढून टाकली. नुसतं तोंड पाईपला लावलं तर चांगली फवारणी येते, चाप सोडला की पाणी बंद. पहिल्या दिवशी पाईप जमिनीवर वाहत होता, ते आता होत नाही. १,१५० रुपयांची तोटी झाली म्हणा.

२९ मार्च, शनिवार. पाडव्याची धुणी

उद्या गुढीपाडवा. आजचा क्रम जसाच्या तसा लिहितो.

पावणेसातला सुरुवात. चाकं सगळ्यात आधी, त्यांची बादली, ब्रश आणि फडका वेगळा. ब्रेकची काळी भुकटी धातूची असते; चाकाला लागलेला फडका पुन्हा कधीच रंगाला लावायचा नाही. आमच्या चाकांच्या फडक्याला मुलीने मार्करने फुली मारलीय.

मग गनच्या तोंडाने टपापासून खाली नुसतं पाणी, अडीच मिनिटं. चाकांच्या कमानींत आणि दारांच्या खालच्या पट्टीत जरा जास्त, रस्त्याची वाळू तिथे असते. मग फेस. फेस मात्र खालून वर मारतो: सगळ्यात मळका भाग खाली, त्याला वेळ जास्त मिळतो. दोन मिनिटं थांबायचं. याच वेळात मी दरवाज्यांच्या फटी, पेट्रोलचं झाकण आणि चिन्हाच्या अक्षरांमधली जागा मऊ ब्रशने करतो. वाळायच्या आत पुन्हा पाणी.

इथवर हात लागलेला नाही. इथवर नव्वद टक्के माती खाली गेलेली असते, हा माझा डोळ्यांचा अंदाज.

मग दोन बादल्या, दोन्हींत घरचं पाणी. एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी आणि तळाला ती चारशेची जाळी. हातमोजा शाम्पूत, एक दार, सरळ रेषेत, गोल नाही, हाताचा भार न देता. मग साध्या पाण्यात जाळीवर दोनदा रगडायचा, पिळायचा, परत शाम्पूत. वरून खाली. दारांची खालची वीतभर पट्टी आणि बंपर शेवटी. काम संपल्यावर साध्या पाण्याच्या बादलीत बोट घालून जाळीखाली तळ चाचपला. रेती लागली. चिमूटभर, पण रेती. ती एरवी कुठे असती, हे टपाकडे बघून कळतं. चारशे रुपयांबद्दलचे शब्द मागे घेतो.

पुन्हा बोअरच्या पाण्याने धुवून काढणं, दोन मिनिटं. आणि लगेच, ते वाळायच्या आत, शेवटचं पाणी: आईची तुळशीची झारी, आठ लिटर, दोनदा, स्वयंपाकघरातून भरून. फुलासारखं टोक काढून टाकायचं आणि टपाच्या मधोमध, पत्र्याच्या अगदी जवळून, सावकाश ओतायचं. थेंब थेंब न होता पाण्याची एक चादर होऊन खाली घसरते आणि बोअरचं पाणी सोबत घेऊन जाते. मागे थोडकेच थेंब राहतात. त्यावर टॉवेल पसरायचा, थोपटायचा, दोन टोकं धरून ओढून घ्यायचा. चोळायचं नाही.

ठिपके नाहीत. मी दुपारी, संध्याकाळी, रात्री टॉर्च घेऊन, तीनदा खाली जाऊन बघितलं.

एकूण ५५ मिनिटं. पाणी पंच्याऐंशी लिटर, त्यातलं घरचं बेचाळीस-त्रेचाळीस. नंतर गाडी कॉलनीला एक चक्कर मारून आणली, ब्रेक हळूहळू दाबत. ओली ठेवून दिली तर डिस्कवर रात्रीत गंज धरतो आणि सकाळी घरघर येते.

१३ एप्रिल, रविवार

पारा चाळिशीला. आता सहाला सुरुवात, साताच्या आत पाणी टिपून झालं पाहिजे. गेल्या रविवारी सव्वासातला सुरू केलं तर बॉनेटवरचा फेस एका बाजूला वाळून त्याची पापडी झाली. आता बॉनेट वेगळं, उरलेली गाडी वेगळी, असं दोन हप्त्यांत करतो.

रेन ट्रीचा चिकटा सुरू झालाय. काचेवर साखरेचा पाक शिंपडल्यासारखा. फेस एकदा मारून जात नाही; ओला फडका कोमट पाण्यात बुडवून पाच मिनिटं ठेवला की सुटतो. पक्ष्यांची विष्ठाही तशीच, ओली करून उचलायची, आणि रविवारची वाट बघायची नाही. मंगळवारी पडलेली गुरुवारी काढली, खाली नाण्याएवढा निस्तेज डाग राहिला. उन्हात दोन दिवस पुरले.

दादांशी बोलणं टाळत होतो, ते आज झालं. महिना पाचशे आहेत, ते कमी करायचे नव्हते. म्हटलं, "दादा, आमची गाडी बाहेरून पुसू नका, आतून झटका आणि काचा करा, पैसे तेच." त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. मग टॉर्चने बॉनेट दाखवलं आणि शेजारच्या काळ्या गाडीचंही. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "साहेब, सकाळी सात-साडेसातपर्यंत तीस गाड्या करायच्या असतात. एवढं पाणी मला कोण देणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन जादा मायक्रोफायबर फडके मात्र दिले, काचांसाठी.

११ मे, रविवार

बोअर खाली गेलंय. सोसायटीची पाटी लागली: पार्किंगमध्ये पाईप लावू नये. बरोबर आहे. तीन आठवडे बिनपाईपचं चालू आहे: हातपंपाचा फेस दोनदा, मधे आणि नंतर झारी, हातमोज्यासाठी दोन अर्ध्या बादल्या. सगळं घरचं पाणी, पस्तीस लिटर. चाकं यात होत नाहीत, ती काळी आहेत, असू देत. गाडी फार मळली असेल, म्हणजे सिंहगडाच्या पायथ्याहून वगैरे आली असेल, तर हे पुरत नाही. पाणी नसताना धुळीवर हातमोजा फिरवण्यापेक्षा मळकी ठेवलेली बरी. दोन रविवार तशीच ठेवली. नात्यातल्या लग्नाला मळक्या गाडीने गेलो, सासरेबुवा बोलले.

हातपंपाचा फेस मधेच पातळ झाला. नोझल उघडून बघितलं तर आतल्या जाळीत शाम्पूचा चिकट थर. काम झालं की पंपातून साधं पाणी मारून घ्यायचं, हे मी आळसाने सोडलं होतं. कोमट पाण्यात रात्रभर ठेवून सुटलं.

२५ मे, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच आला, आठवडाभर धरून आहे. बॉनेट पावसात, मागचा भाग कोरडा. बॉनेट स्वच्छ, डिकी धुळकट, गाडी दोन रंगांची दिसते. मीटर गच्चीवर नेऊन पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी मोजलं: १४. आईने लगेच तुळशीसाठी दोन बादल्या भरून ठेवल्या, मी एक मागून घेतली, शेवटच्या पाण्यासाठी.

खर्च, एकदाच: गन १,१५०, बाकीची पहिली खरेदी २,५००, पाईप वगैरे ४८०, मीटर २५०, व्हिनेगर ६०, हातपंप ७५०, मधे आणखी एक शाम्पू ४५०. एकूण ५,६४०. आज पुन्हा सुरू करायचं झालं तर गन घेणार नाही, साधी चापाची तोटी दोनशेला येते. पहिल्या दिवशी अडीचशेचा मीटर आणि घड्याळ लावून बादली, मग बाकीचं.

बंपरच्या कोपऱ्याला साडेतीन हजार सांगितलेत. पाऊस थांबेपर्यंत रंगवू नका म्हणाले, काळं इन्सुलेशन टेप लावलंय. काका काल मीटर मागून घेऊन गेले, त्यांच्या स्कूटरच्या बॅटरीत घालायचं पाणी तपासायचंय. अजून परत आलेला नाही.